उभी गरम प्लेट: आयडियल गॅसला ८२ °से, बुसिनेस्कला १०३ °से, मोजमाप ६५ °से. कोणतं मॉडेल धरायचं? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

प्रवाहरेखा

२०० × २०० मिमीची उभी ॲल्युमिनियम प्लेट आहे, एकूण जाडी ३ मिमी. दीड-दीड मिमीच्या दोन पत्र्यांमध्ये पूर्ण आकाराचा फिल्म हीटर, ३६ वॅट. दोन्ही बाजू काळ्या ॲनोडाइज्ड. खोलीतली हवा स्थिर, २५ °से. तापमान स्थिरावल्यावर थर्मोकपल ६५ °से दाखवतात. प्लेटच्या वरच्या आणि खालच्या टोकात एक-दीड अंशाचा फरक. याच प्लेटवरून हनीकोंब लावलेल्या डक्टमधून, खालून वर, २ मी./से. वेगाने हवा सोडली तर तापमान ५० °से.

फ्लुएंट (हवेचा प्रवाह आणि उष्णता संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर) मधला सेटअप: डोमेन (हिशेबात घेतलेली हवेची जागा) ४०० × ४०० मिमी, उंची ६०० मिमी. तळाला प्रेशर इनलेट, वर प्रेशर आउटलेट, चारही बाजूंना ॲडियाबॅटिक (उष्णता आरपार न जाणाऱ्या) भिंती. गुरुत्व −९.८१, अक्ष तपासलेला आहे. नॅचरल केससाठी (पंख्याविना, गरम हवा आपोआप वर जाते तो) लॅमिनार (थराथरांचा शांत प्रवाह), स्टेडी (काळानुसार न बदलणारा). रेडिएशन बंद.

घनतेसाठी इनकॉम्प्रेसिबल आयडियल गॅस (घनता तापमानानुसार बदलते; ऑपरेटिंग डेन्सिटी, म्हणजे संदर्भाची घनता, १.२२५) घेतलं तर प्लेट ८२ °से येते. बुसिनेस्क (घनता स्थिर, फक्त उचल तापमानफरकाच्या प्रमाणात; ऑपरेटिंग तापमान २९८.१५ के, प्रसरणांक बीटा ०.००३३५) घेतलं तर १०३ °से. आयडियल गॅसच्या केसमध्ये प्लेटपासून दूर, २५ अंशांची हवासुद्धा सुमारे ०.६ मी./से. वेगाने वर जाताना दिसते. दोन्हीकडे कंटिन्युइटीचा रेसिड्युअल (वस्तुमानाच्या समीकरणातली शिल्लक चूक) १० चा −३ घात इथे अडकून डोलत राहतो.

फोर्स्ड केसला (२ मी./से.चा) के-एप्सिलॉन (टर्ब्युलन्स, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचं मॉडेल) आणि स्टँडर्ड वॉल फंक्शन (भिंतीलगतच्या थराचं तयार सूत्र) वापरलं, उत्तर ५७ °से.

८२ हे ६५ च्या जास्त जवळ आहे म्हणून आयडियल गॅस ठेवून पुढे मेश (हवेचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडणारी जाळी) बारीक करावी का? बुसिनेस्कच्या केसमध्ये फ्लुएंट h (पृष्ठावरून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक, वॅट/(मी²·के)) ५.१ दाखवतो, हाताने काढला तर ५.८ येतो, हेही जुळत नाही. पुढचा टप्पा याच प्लेटला फिन (उष्णता काढणाऱ्या उभ्या पट्ट्या) लावण्याचा आहे.

घनताभेद

मेश बारीक करू नका. तुमच्या दोन उत्तरांपैकी ८२ हे जास्त चुकीचं आहे, ते योगायोगाने मोजमापाकडे सरकलंय.

फ्लुएंट उभ्या दिशेच्या समीकरणात (घनता − ऑपरेटिंग घनता) × गुरुत्व एवढंच बल धरतो आणि सीमेवरचा गेज दाब याच ऑपरेटिंग घनतेच्या हिशेबात वाचतो. २५ °से आणि १०१३२५ पास्कलला हवेची घनता १.१८४ किग्रॅ/मी³ असते. १.२२५ ही १५ °से हवेची घनता आहे. म्हणजे सॉल्व्हरच्या दृष्टीने तुमची खोलीतली सगळी हवा आजूबाजूपेक्षा ०.०४१ ने हलकी आहे आणि ती वर जाणारच.

हा दाब किती? ०.०४१ × ९.८१ × ०.६ = ०.२४ पास्कल. तेवढ्यावर हवा सुमारे ०.६४ मी./से. वेग घेते. दूरच्या थंड हवेत तुम्हाला दिसणारे ०.६ मी./से. ते हेच. तुलनेसाठी, खऱ्या प्लेटच्या उष्णतेमुळे (४० अंशांचा फरक, २०० मिमी उंची) मिळणारा दाब जेमतेम ०.२८ पास्कल आहे. म्हणजे खोटा रेटा खऱ्या रेट्याएवढाच. प्रत्यक्षात तुम्ही नॅचरल नव्हे तर मिक्स्ड कन्व्हेक्शन (आपोआप चढणारी आणि ढकललेली हवा मिळून नेलेली उष्णता) सोडवलंय, म्हणून h वाढला आणि प्लेट ८२ वर उतरली.

बुसिनेस्कमध्ये ऑपरेटिंग डेन्सिटी वापरलीच जात नाही, तिथे ऑपरेटिंग तापमान लागतं आणि ते तुम्ही बरोबर दिलंय. ते मूळच्या २८८.१६ वर राहिलं असतं तर तिथेही हाच खोटा वारा सुटला असता. त्यामुळे १०३ हे, तुम्ही जेवढं भौतिकशास्त्र चालू ठेवलंय तेवढ्यापुरतं, बरोबर उत्तर आहे. हाताने पडताळा: चर्चिल-चू यांचं लॅमिनार उभ्या प्लेटचं सूत्र हवेसाठी नुसेल्ट (h × उंची ÷ हवेची उष्णतावाहकता) = ०.६८ + ०.५१ × रॅली^०.२५ (रॅली हा उचलीचा जोर सांगणारा अंक) असं होतं. ७८ अंशांच्या फरकाला h साधारण ५.७-५.८ येतो, आणि ५.७७ × ०.०८ मी² × ७८ = ३६ वॅट.

तरी शेवटी आयडियल गॅसच ठेवा. बुसिनेस्क हे बीटा × तापमानफरक एकपेक्षा बराच लहान असतानाचं गृहीतक आहे. हवेसाठी साधारण ३० केल्विनपर्यंत ते निर्धास्त वापरावं. ७८ केल्विनला हा गुणाकार ०.२६ होतो. फक्त ऑपरेटिंग डेन्सिटी स्वतः १.१८४ टाका. रिकामी सोडलीत तर सॉल्व्हर पूर्ण डोमेनची सरासरी घेतो, आणि प्लूम (प्लेटवरून वर जाणारा गरम हवेचा झोत) जसजसा तापतो तसतशी ती सरासरीही सरकते.

कसोटी सोपी आहे. हीटर शून्य वॅट करा आणि तोच केस चालवा. हवा ढिम्म राहिली पाहिजे. हललीच, तर सेटअपमध्ये घनतेचा किंवा सीमेच्या तापमानाचा घोळ आहे. प्रत्येक नॅचरल कन्व्हेक्शनच्या केसला ही चाचणी आधी लावावी. दहा मिनिटांत निकाल लागतो.

प्रारणांक

वरच्या उत्तराला जोडून: १०३ आणि ६५ मधलं अंतर रेडिएशनचं आहे, आणि ते किरकोळ नाही.

काळ्या ॲनोडाइज्ड पृष्ठाची एमिसिव्हिटी (रेडिएशन सोडण्याची क्षमता, ० ते १) ०.८५ धरू. प्लेट ३३८ के, खोली २९८ के.

रेडिएशनचा h = ०.८५ × ५.६७ × १०^−८ × (३३८² + २९८²) × (३३८ + २९८) ≈ ६.२ वॅट/(मी²·के).
याच तापमानाला कन्व्हेक्शनचा h ≈ ५.०.

बेरीज ११.२. त्यावर ०.०८ मी² आणि ४० अंश: ३५.८ वॅट. तुमचं मोजमाप जागच्या जागी बसतं. ३६ पैकी १६ वॅट हवेने जातात आणि २० वॅट रेडिएशनने. नॅचरल कन्व्हेक्शनच्या केसमध्ये काळं किंवा रंगवलेलं पृष्ठ असेल तर रेडिएशन बंद ठेवणं म्हणजे मोठा भागीदारच हिशेबातून काढून टाकणं. पृष्ठ उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम असतं (एमिसिव्हिटी ०.०५ ते ०.१) तर हाच रेडिएशनचा h एकच्या खाली असता आणि प्लेट खरोखरच शंभरीच्या जवळ गेली असती.

रेडिएशनचं मॉडेल: एस२एस (पृष्ठ ते पृष्ठ) किंवा डिस्क्रीट ऑर्डिनेट्स (ठरावीक दिशांनी सोडवणारं). पी-१ इथे नको; कोरडी हवा रेडिएशनसाठी जवळजवळ पारदर्शक असते आणि पी-१ पारदर्शक माध्यमात चुकतं. हवेचा शोषणांक शून्य. इनलेट-आउटलेटवर बाह्य कृष्णवर्णी तापमान २५ °से द्या, नाहीतर आउटलेट प्लूमच्या तापमानाने परत प्लेटकडे बघतं. आणि तुमच्या बाजूच्या ॲडियाबॅटिक भिंती? रेडिएशन चालू केल्याक्षणी त्या तापतात आणि उष्णता परत फेकतात. खोलीच्या भिंती २५ °से असतील तर त्याही २५ °से द्या, किंवा बाजू उघड्या करा.

h च्या गोंधळाचं कारण वेगळं आहे. फ्लुएंटचा सरफेस हीट ट्रान्सफर कोएफिशंट रेफरन्स व्हॅल्यूजमधलं तापमान वापरतो, ते मूळचं २८८.१६ के असतं. ४५० ÷ (३७६.१५ − २८८.१६) = ५.१. तिथे २९८.१५ टाका, ५.८ मिळेल. रेडिएशन चालू झाल्यावर मात्र एकूण फ्लक्समधून रेडिएशनचा फ्लक्स वजा करूनच कन्व्हेक्शनचा h काढा.

सरळमार्ग

एवढ्या साध्या आकारासाठी हवेचं डोमेनच कशाला? फक्त घन प्लेट घ्या, दोन्ही बाजूंना h = १० द्या. ३६ ÷ (०.०८ × १०) = ४५, म्हणजे ७० °से. पाच अंशांची चूक सुरुवातीच्या डिझाइनला चालते.

घनताभेद

चालते, पण तो एक आकडा फक्त याच वॅटला चालतो. १० वॅटला प्लेट जेमतेम १३-१४ अंशांनी तापते, कन्व्हेक्शनचा h ३.८ वर उतरतो आणि एकूण बेरीज ११.२ वरून ९.२ च्या आसपास येते. पृष्ठ बदललं तर निम्मा आकडाच उडतो. घन-भागापुरतंच मॉडेल करायचं तर भिंतीला मिक्स्ड थर्मल कंडिशन द्या: कन्व्हेक्शनचा h = ५ × (तापमानफरक ÷ ४०)^०.२५ हे एक्स्प्रेशनने, आणि बाह्य रेडिएशन एमिसिव्हिटी ०.८५ ने वेगळं. कॉमसॉल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच सूत्रं एक्स्टर्नल नॅचरल कन्व्हेक्शनच्या नावाने तयार मिळतात. उभी भिंत, आडव्या प्लेटची वरची बाजू, खालची बाजू असं निवडायचं आणि उंची द्यायची. आडव्या प्लेटला लांबी म्हणून क्षेत्रफळ ÷ परिमिती लागते, बाजूची लांबी नाही; तिथे पुष्कळदा गफलत होते.

फिनमध्ये मात्र हा मार्ग सोडा. दोन फिनमधल्या गाळ्यात मोकळ्या प्लेटचा h लागू होत नाही.

सीमास्तर

फोर्स्ड केसकडे कोणी वळलं नाही, म्हणून ते घेतो.

आधी कोणता प्रवाह आहे हे ठरवायचं. २ मी./से., २०० मिमी, हवेची कायनेमॅटिक स्निग्धता (स्निग्धता ÷ घनता) सुमारे १.६८ × १०^−५ मी²/से.: रेनॉल्ड्स अंक (वेग × लांबी ÷ ही स्निग्धता) २३८००. सपाट प्लेटवर टर्ब्युलन्स ५ लाखांच्या आसपास सुरू होतो. म्हणजे हनीकोंबमधून आलेल्या शांत हवेत हा केस लॅमिनार आहे. के-एप्सिलॉन लावलं की मॉडेल पहिल्या मिलिमीटरपासून टर्ब्युलन्स तयार करतं. लॅमिनार सूत्राने (०.६६४ × रेनॉल्ड्स^०.५ × प्रांट्ल^०.३३) h = १२.३ येतो, टर्ब्युलंट सूत्राने साधारण १५ टक्के जास्त, १४.१. तुमचे ५७ अंश म्हणजे बरोबर १४.१. लॅमिनार घेतलं असतं तर रेडिएशनशिवाय ६१-६२ °से आलं असतं.

आता रेडिएशनचे ५.८ मिळवा: १२.३ + ५.८ = १८.१, तापमानफरक २५, प्लेट ५० °से. मोजमाप हेच सांगतं. के-एप्सिलॉन तसंच ठेवून नुसतं रेडिएशन चालू केलंत तर ४८ च्या खाली जाल आणि चूक कुठे आहे ते कळणार नाही.

दुसरं, वॉल फंक्शनला वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या सेलचं एककरहित अंतर) ३० ते ३०० लागतो. एवढ्या मंद प्रवाहात तो मिळवायला पहिला सेल सीमास्तराहून (भिंतीलगत मंदावलेल्या हवेच्या थराहून) जाड करावा लागेल. उष्णतेच्या कामात टर्ब्युलन्स खरोखर असेल तर के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल आणि वाय-प्लस १ च्या आसपास, हे धोरण ठेवा. हनीकोंब काढून पंखा थेट प्लेटखाली लावलात तर हवा घुसळलेली आणि फिरती येते; तेव्हा एकसमान २ मी./से. इनलेट आणि लॅमिनार, दोन्ही लागू नाहीत. त्या वेळी फॅन बाउंडरीला दाब-प्रवाह वक्र द्या आणि फिरता घटकही द्या.

मेशचे आकडे दोन्ही केसना वेगळे. नॅचरलमध्ये प्लेटच्या वरच्या टोकाला सीमास्तर जवळपास २० मिमी जाड असतो: पहिला सेल ०.४ मिमी, वाढ १.२, १५ थर, म्हणजे एकूण २९ मिमी. फोर्स्डमध्ये सीमास्तर ६.५ मिमी: पहिला सेल ०.१ मिमी, तीच वाढ, १५ थर, एकूण ७.२ मिमी. दोन्हीकडे खालच्या कडेपाशी स्तर अगदी पातळ असतो आणि तिथेच h सर्वांत जास्त, म्हणून उभ्या दिशेतही कडेजवळ सेल बारीक हवेत. प्लेटच्या जाडीत दोन-तीन सेल पुरतात.

गुरुत्व फोर्स्डमध्ये ठेवायचं का, हे रिचर्डसन अंकावरून ठरवा, म्हणजे ग्रॅशॉफ (उचल विरुद्ध स्निग्धता सांगणारा अंक) ÷ रेनॉल्ड्सचा वर्ग. २ मी./से.ला तो ०.०४ आहे, ०.१ च्या खाली गुरुत्व काढलं तरी चालतं. तोच पंखा ०.३ मी./से.वर आणलात तर तो दोनच्या आसपास जातो. मग गुरुत्व, ऑपरेटिंग डेन्सिटी सगळं परत लागतं, आणि हवा खालून सोडली की वरून यानेही उत्तर बदलतं.

नॅचरल केसचा डोलणारा रेसिड्युअल: डबल प्रिसिजन चालू आहे ना ते आधी पाहा. पाव पास्कलचा खेळ आहे, सिंगलमध्ये तो गोंगाटात बुडतो. सेलच्या कडांवरचा दाब काढायला प्रेस्टो किंवा बॉडी फोर्स वेटेड पद्धत. डोमेन वर वाढवा. प्लेटच्या वर निदान ६०० मिमी मोकळे ठेवा, कारण आउटलेट जवळ असलं की प्लूम तिथून हवा परत ओढतो. बॅकफ्लोचं तापमान २५ °से द्यायला विसरू नका.

तरीही डोलला तर प्लूमच हलतोय, ट्रान्झियंटला (काळाच्या पायऱ्यांनी सोडवण्याला) जा. काळाचं माप: लांबी ÷ √(गुरुत्व × बीटा × तापमानफरक × लांबी) = ०.२ ÷ ०.५ = ०.४ सेकंद; त्याचा चौथा भाग, ०.१ सेकंदाची पायरी. अडचण अशी की प्लेटचा स्वतःचा टाइम कॉन्स्टंट (तापायला लागणाऱ्या वेळेचं माप) सुमारे ३२५ सेकंद आहे (०.३२४ किग्रॅ × ९०० ÷ ०.८९६). स्थिर व्हायला अर्धा तास भौतिक वेळ, म्हणजे १६ हजार पायऱ्या. अंतिम स्थिर तापमानच हवं असेल तर घन भागाची विशिष्ट उष्णता शंभर पटीने कमी करा. स्थिर उत्तर बदलत नाही, फक्त लवकर मिळतं. तापण्याचा वक्र हवा असेल तर ही युक्ती अजिबात वापरू नका.

प्रवाहरेखा

सुचवलेले बदल करून चालवलं. शून्य वॅटच्या चाचणीत १.२२५ ला हवा वर जाते, १.१८४ ला थांबते. बाजू उघड्या प्रेशर सीमा केल्या, वरची उंची वाढवली, डिस्क्रीट ऑर्डिनेट्स, एमिसिव्हिटी ०.८५. नॅचरल: ६६ °से, फ्लक्स रिपोर्टमध्ये कन्व्हेक्शन १६ वॅट, रेडिएशन २० वॅट, ताळेबंद एक टक्क्याच्या आत. फोर्स्ड लॅमिनार: ५० °से. मेश दुप्पट बारीक केल्यावर बदल अर्ध्या अंशाहून कमी.

फिनसाठी दोन गोष्टी हव्या आहेत: गाळा किती ठेवायचा, आणि एकाच गाळ्याचं सममित मॉडेल पुरेल का?

मुक्तस्रोत

फिनवर दुसरे बोलतील. कोणी हाच केस ओपनफोम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करत असेल तर एक महत्त्वाचा फरक: तिथे ऑपरेटिंग डेन्सिटीची खिडकी नसते. त्यातले बॉयंटसिंपलफोम आणि सीएचटीमल्टिरीजनफोम हे सॉल्व्हर पी_आरजीएच सोडवतात, म्हणजे दाबातून घनता × गुरुत्व × उंची वजा केलेला भाग. ही घनता त्या-त्या सेलची असते, त्यामुळे उघड्या सीमेवर पी_आरजीएचला सरसकट एकच मूल्य चिकटवलं तर वर आणि खाली मिळून खोटा दाबफरक तयार होतो. पीआरजीएचटोटलप्रेशरसारखी सीमा वापरा, वेगाला प्रेशरइनलेटआउटलेटव्हेलॉसिटी, तापमानाला इनलेटआउटलेट आणि आत येणारं मूल्य २९८.१५. भिंतींवर फिक्स्डफ्लक्सप्रेशर, झिरोग्रेडियंट ठेवलंत तर भिंतीलगत उगाच वेग दिसतो. शून्य वॅटची चाचणी इथेही तशीच लागू.

बंद डबा असेल तर अजून एक खाच. आत येणारी-जाणारी हवा नाही, त्यामुळे एकूण वस्तुमान ठरलेलं असतं. फ्लुएंटच्या स्टेडी सॉल्व्हरला आयडियल गॅस दिला की ते वस्तुमान कोणी सांभाळत नाही. फरक लहान असेल तर बुसिनेस्क, मोठा असेल तर ट्रान्झियंट. दाबाला एका बिंदूवर संदर्भ मूल्यही द्यावं लागतं.

सीमास्तर

फिनचा गाळा: उभ्या समांतर, सारख्या तापमानाच्या फिनसाठी बार-कोहेन आणि रोझेनाव यांचं १९८४ चं सूत्र आहे, इष्टतम गाळा = २.७१ × उंची ÷ रॅली^०.२५, रॅली अंक उंचीवर काढलेला. तुमच्या २०० मिमी उंचीला आणि ४० अंशांना रॅली २.३ × १०^७, चौथं मूळ ६९, म्हणजे गाळा ७.९ मिमी. फिन लावल्यावर तापमान उतरेल. फरक २० अंशांवर आला तर तोच गाळा ९ मिमीच्या आसपास जातो. म्हणून ९ मिमीपासून सुरू करा. यापेक्षा दाट केलं तर दोन बाजूंचे सीमास्तर मिळतात, गाळ्यातली हवा प्लेटच्या तापमानाला पोचते आणि वाढवलेलं क्षेत्रफळ फुकट जातं.

रेडिएशनचा हिशेब आता बदलतो. समोरासमोरचे फिन एकमेकांनाच बघतात, खोलीला दिसतं ते साधारण बाहेरच्या आवरणाचं क्षेत्रफळ. फिनचं पूर्ण क्षेत्रफळ × ६.२ असा गुणाकार केलात तर तापमान फार कमी दिसेल. एस२एस हे आपोआप धरतं, पण व्ह्यू फॅक्टरच्या (एक पृष्ठ दुसऱ्याला किती दिसतं त्या आकड्यांच्या) फाइलमध्ये प्रत्येक पृष्ठाची बेरीज १ च्या जवळ आहे का ते बघा.

एका गाळ्याचं सममित मॉडेल तुलनेसाठी ठीक. गाळा ७, ८, ९, १० मिमी करून पाहायला ते झटपट चालतं. पण त्याची बाहेरची, फिनच्या टोकांकडची बाजू उघडी ठेवा, कारण हवा फक्त खालून नाही तर समोरूनही आत ओढली जाते, आणि डोमेन टोकांच्या पुढे, फिन प्लेटमधून जेवढे बाहेर येतात त्याच्या निदान दोन-तीन पट न्या. गाळ्याच्या रुंदीत किमान १२ सेल. शेवटचं तापमान मात्र पूर्ण मॉडेलवरूनच घ्या, कडेच्या फिनना जास्त हवा मिळते आणि मधले जास्त तापतात.

फोर्स्डमध्ये गाळ्याच्या तोंडाशी २ मी./से. थेट देऊ नका. डक्टमध्ये फिनभोवती मोकळी जागा असेल तर हवा तिथून निसटते. वेग डक्टच्या तोंडाशी, फिनच्या बऱ्याच अलीकडे द्या, किंवा पंख्याचा वक्र द्या आणि गाळ्यात प्रत्यक्ष किती प्रवाह गेला ते पृष्ठावर मोजा.